थांबवायला सांगितलं म्हणजे थांबलं असं नाही

कुठलंही सॉफ्टवेअर बनताना ॲडमिन पॅनेलचा (सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या आतल्या स्क्रीनचा) नंबर सगळ्यात शेवटी लागतो. ग्राहकाला दिसणाऱ्या स्क्रीनसाठी डिझायनर असतो, बटणाच्या रंगावर अर्धा अर्धा तास मीटिंगा होतात, आणि मग रिलीज तोंडावर आल्यावर कुणाच्यातरी लक्षात येतं की अरे ऑपरेशन्सवाल्यांना पण काहीतरी लागेल, मग घाईघाईत एक टेबल, दोन-चार बटणं आणि मेट्रिक्सचा एक एंडपॉइंट (सिस्टिमचे आकडे विचारायचा पत्ता) टाकून काम उरकतात. मला हे अजिबात पटत नाही. ग्राहकाची स्क्रीन माणूस निवांतपणे वापरतो, कंटाळा आला तर बंद करतो, पण पॅनेल उघडलं जातं ते बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर, रात्री-अपरात्री, फोनवर तीन जण “कधी होणार” म्हणून मागे लागलेले असताना. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त विचार हवा तिथे आपण सगळ्यात कमी करतो.

मी पुण्यात बॅकएंडचं काम करते आणि गेली बरीच वर्षं माझ्या वाट्याला मुख्यतः हेच आलंय, चालू सिस्टिम बघायची आणि हाताळायची साधनं बनवणं. टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न आधी विचारायला शिकवते, की स्क्रीनवर जे दिसतंय ती आपण दिलेली ऑर्डर आहे की खरी परिस्थिती?

हे सांगताना माझं ठरलेलं उदाहरण म्हणजे थ्री माइल आयलंड. सॉफ्टवेअरचं नाहीये, अणुवीज केंद्राचं आहे, पण यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया, पहाटे चारचा सुमार. दुसऱ्या युनिटमध्ये पाणी पुरवणारे पंप बंद पडले, दाब वाढला, दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह आपोआप उघडला, इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर तो बंद व्हायला हवा होता, पण तो अडकला आणि उघडाच राहिला. कंट्रोल रूममध्ये त्या व्हॉल्व्हचा दिवा होता, तो विझला, आणि समोर उभ्या असलेल्या ऑपरेटरांनी अर्थातच व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. पण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता! व्हॉल्व्ह चालवणाऱ्या सोलेनॉइडला (विजेच्या चुंबकाला) वीज चालू आहे की तोडली एवढंच त्याला कळत होतं, म्हणजे “बंद हो” असा निरोप गेला की दिवा विझणार, मग व्हॉल्व्ह ऐको न ऐको. दोन तासांहून जास्त वेळ रिॲक्टर थंड ठेवणारं पाणी त्या वाटेने बाहेर जात राहिलं. ते पाणी ज्या टाकीत जात होतं तिचे मीटर खरं सांगत होते, पण ते होते मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला, पुढे उभ्या माणसाला दिसणारच नाहीत असे. शेवटी रिॲक्टरचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला.

आता आपल्या रोजच्या पॅनेलवर या. समजा एक मेसेज क्यू (कामांची रांग) आहे, ८ वर्कर (ती कामं करणाऱ्या प्रोसेस) त्यातून पेमेंटचे मेसेज उचलतायत, आणि पॅनेलवर “पॉज” असं बटण आहे. ते दाबल्यावर बहुतेक ठिकाणी काय होतं, तर डेटाबेसमधल्या एका रकान्यात पॉज असं लिहिलं जातं आणि स्क्रीनवर पिवळी पट्टी येते की क्यू थांबलेला आहे. ही पट्टी म्हणजे तोच दिवा. खाली काय चाललंय ते वेगळंच असू शकतं, वर्कर तो रकाना ३० सेकंदांतून एकदा वाचत असेल, एखादा मोठ्या बॅचच्या मधोमध असेल, एखादा जुन्या व्हर्जनचा राहून गेला असेल ज्याला पॉज नावाची भानगडच माहीत नाही, आणि इकडे पिवळी पट्टी बघून कुणीतरी विश्वासाने डेटा दुरुस्त करायची क्वेरी चालवायला घेतो, तिकडे दोन वर्कर अजून पैसे वळते करतच असतात.

मी हे दोन ओळींत दाखवते. पहिली ओळ: “थांबवायला सांगितलं, १४:०२, अमुक व्यक्तीने.” दुसरी ओळ: “८ पैकी ६ थांबले, २ चालू”, आणि त्याखाली त्या दोघांची नावं, कुठल्या मेसेजवर अडकलेत, किती वेळापासून. हे दाखवायचं तर प्रत्येक वर्करने स्वतः येऊन “मी थांबलो” असं कळवावं लागतं, पॅनेलने मनाने धरून चालायचं नाही. काम वाढतं हे खरंय, एक जास्तीचं टेबल, हार्टबीट (“मी चालू आहे” असा ठरावीक वेळाने येणारा निरोप), टेस्टिंग वाढतं, आणि एस्टिमेट सांगितलं की मॅनेजरच्या कपाळावर आठ्या येतात, तरी मी यावर मागे हटत नाही. कुबरनेटीजमध्ये (बऱ्याच मशीनवर ॲप्लिकेशन चालवणारी सिस्टिम) तर ही विभागणी पायातच घातलीये, स्पेक वेगळं आणि स्टेटस वेगळं, काय हवंय ते एकीकडे आणि काय आहे ते दुसरीकडे, आणि डेप्लॉयमेंटला (ॲपच्या किती प्रती चालवायच्या ते सांभाळणाऱ्या भागाला) विचारलं की ३ पैकी २ तयार असं ते सरळ सांगतं. आपण ते रोज वापरतो, पण स्वतःच्या ॲप्लिकेशनचं पॅनेल लिहायला बसलो की परत त्या एका रकान्यावर येतो.

याला चिकटूनच येतं ते आकड्याचं वय. स्क्रीनवर “क्यूमध्ये ० मेसेज” दिसतंय. हा शून्य आत्ताचा आहे, की आकडे गोळा करणारी प्रोसेस वीस मिनिटांपूर्वी मेली आणि शेवटचा शून्य तसाच राहिला? दोन्ही स्क्रीन दिसायला हुबेहूब सारख्या. म्हणून प्रत्येक आकड्याजवळ “शेवटचं कळलं १२ सेकंदांपूर्वी” असं हवं, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जुना झाला की तो आकडा करडा व्हायला हवा. प्रोमिथिअसची (आकडे गोळा करणारं सॉफ्टवेअर, हे २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालं) मला आवडणारी गोष्ट हीच आहे, की ते स्वतः जाऊन प्रत्येक सर्व्हिसकडून आकडे उचलून आणतं आणि सर्व्हिसने दार उघडलंच नाही तर त्याची वेगळी नोंद करतं, ‘अप’ नावाचं मेट्रिक शून्यावर येतं. पण इथे पण एक खड्डा आहे. “एरर पाचपेक्षा जास्त झाल्या तर अलर्ट” असा नियम लिहिला आणि ते मेट्रिकच यायचं बंद झालं, तर तो नियम गप्प बसतो, कारण तुलना करायला काही उरलेलंच नसतं. सर्व्हिस पडली आणि अलर्ट मात्र शांत. त्यासाठी “हे मेट्रिक गायब आहे का” असा वेगळा नियम लिहावा लागतो आणि तो लिहायचा बऱ्याच जणांचा राहून जातो.

आणि “माहीत नाही” ही पण एक स्थिती असते, तिला स्क्रीनवर जागा द्यायला हवी. पेमेंटमध्ये काम केलेल्यांना हे रोजचंच आहे. यूपीआयमध्ये पाठवणाऱ्याच्या खात्यातून पैसे गेले पण समोरच्या बँकेकडून जमा झाल्याचं उत्तर वेळेत आलं नाही, तर तो व्यवहार झालाय असंही म्हणता येत नाही आणि फेल झालाय असंही म्हणता येत नाही, ताळमेळ लागेपर्यंत तो लटकलेला. ज्या पॅनेलमध्ये फक्त हिरवा आणि लाल असतो तिथे डेव्हलपर यातला एक रंग मनाने निवडतो, मग सपोर्टचा माणूस ग्राहकाला ठामपणे “फेल झालंय, परत करा” सांगतो आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. तिसरा रंग ठेवा, आणि त्याच्यापुढे “पुढची तपासणी इतक्या वाजता” असं लिहा, म्हणजे सपोर्टवाल्याला फोनवर काहीतरी खरं सांगता येतं.

जावावाल्यांसाठी थोडं जेएमएक्सबद्दल, म्हणजे चालू जावा प्रोग्राम बघायच्या आणि हाताळायच्या सोयीबद्दल. २००४ मध्ये जावा ५ बरोबर ते थेट जेडीकेमध्ये (जावाच्या मूळ संचात) आलं आणि सोबत जेकन्सोल (ते वापरायची स्क्रीन) पण आलं, आणि त्या काळाच्या मानाने त्यातला विचार फार नीट होता: ॲट्रिब्यूट म्हणजे बघायच्या गोष्टी, ऑपरेशन म्हणजे करायच्या गोष्टी, नोटिफिकेशन म्हणजे त्याने आपणहून सांगायच्या गोष्टी. एवढंच नाही, तर प्रत्येक ऑपरेशनला त्याचा परिणाम काय हे लिहायची सोय पण होती, की हे फक्त माहिती देतं, की काहीतरी बदलतं, की दोन्ही. साधा एमबीन (जेएमएक्सला जोडलेला ऑब्जेक्ट) लिहिला तर ते आपोआप “अज्ञात” असं राहतं, आणि मी पाहिलेल्या कोडमध्ये ते बहुतेक सगळीकडे अज्ञातच होतं. वर जेकन्सोलमध्ये पॅरामीटरची नावं पी१, पी२ अशी दिसतात. म्हणजे रात्री तीन वाजता तुमच्यासमोर “पर्ज” (साफ करून टाका) नावाचं बटण, पुढे पी१ आणि पी२ असे दोन रिकामे डबे, आणि यात काय भरायचं, भरल्यावर काय उडणार, हे सांगणारी एक ओळ नाही. ॲनोटेशन किंवा डिस्क्रिप्शन लिहायला पाच मिनिटं लागतात हो.

त्यातच अजून एक प्रकार मी परत परत बघितलाय. ॲट्रिब्यूटच्या गेटरमध्ये (आकडा वाचून देणाऱ्या कोडमध्ये) कुणीतरी जड क्वेरी टाकून ठेवतं, पेंडिंग ऑर्डर किती म्हणून अख्खं टेबल मोजायचं. जेकन्सोलमध्ये ते पान उघडलं की सगळी ॲट्रिब्यूट एकदम वाचली जातात, म्हणजे डेटाबेस आधीच दमलेला आहे म्हणून बघायला गेलेला माणूस नुसतं बघूनच त्याच्यावर अजून ओझं टाकतो. प्रोमिथिअसचा एंडपॉइंट दर १५ सेकंदांनी हाक मारत असेल तर तिथे तर हे अजूनच वाईट. बघण्याला किंमत नसावी. मोजायचं ते मागे सावकाश मोजून ठेवा, विचारल्यावर ठेवलेला आकडा त्याच्या वयासकट द्या.

हेल्थ चेकचं पण असंच. कुबरनेटीजच्या लाइव्हनेस प्रोबमध्ये (प्रोसेस जिवंत आहे का या तपासणीत) डेटाबेसची तपासणी घालणारे लोक अजूनही भेटतात. लाइव्हनेसचा प्रश्न एवढाच असतो की ही प्रोसेस मारून परत सुरू केली तर फायदा आहे का. डेटाबेस हळू झाला तर तुमची प्रोसेस मारून काय मिळणार? उलट सगळे पॉड (ॲपच्या चालू प्रती) एकामागोमाग मरतात, परत उठतात, सगळे एकदम नवीन कनेक्शन मागतात आणि हळू असलेला डेटाबेस आडवाच होतो. डेटाबेसची चिंता असलीच तर ती रेडिनेसमध्ये (काम घ्यायला तयार आहे का या तपासणीत), आणि तिथे सुद्धा सगळेच पॉड एकदम “मी तयार नाही” म्हणाले तर काय, हे आधी ठरवून.

आता बटणांकडे येते, कारण खरं नुकसान तिथे होतं. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेने रेव्हलॉन कंपनीच्या कर्जदात्यांना साधारण ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं आणि प्रत्यक्षात गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर. सॉफ्टवेअर होतं फ्लेक्सक्यूब, मूळ मुंबईच्या आय-फ्लेक्सचं, पुढे ऑरॅकलकडे गेलेलं. मुद्दल बँकेच्या आतल्याच खात्यात वळवायचं असेल तर तीन वेगवेगळ्या डब्यांमध्ये तेच खातं भरावं लागत होतं, प्रिन्सिपल, फ्रंट आणि फंड. भरला गेला एकच, प्रिन्सिपलचा, आणि मुद्दल पण बाहेर गेलं. तीन जणांनी बघून मंजुरी द्यायची पद्धत होती आणि तिघांनाही ते बरोबरच वाटलं. मला यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो शेवटच्या सूचनेचा. स्क्रीनने विचारलं होतं, की पैसे बँकेच्या बाहेर जाणार आहेत, पुढे जायचं का? व्याज बाहेर जाणारच होतं, त्यामुळे “हो” हेच उत्तर बरोबर होतं. किती जाणार, हे त्या सूचनेत नव्हतं. तिथे रक्कम लिहिलेली असती तर तीन जणांपैकी एकाच्या तरी डोळ्यांत ती आली असती असं मला ठामपणे वाटतं. पुढे कोर्टकचेरी झाली, खालच्या कोर्टात सिटी हरली आणि २०२२ मध्ये अपिलात निकाल फिरला, ते असो.

म्हणून “आर यू शुअर” ला माझा विरोध आहे. त्याने माणसाला काहीच नवीन कळत नाही, दिवसातून वीसदा दिसलं की हात आपोआप “येस” वर जातो. त्याऐवजी बटण दाबायच्या आधी परिणाम सांगा: “४१२ ऑर्डर परत पाठवल्या जातील, त्यातल्या ३७ ला आधीच रिफंड मिळालाय.” हे ३७ वाचून माणूस थबकतो. हा आकडा काढायला ड्राय रन (प्रत्यक्ष काही न बदलता केलेली रंगीत तालीम) लिहावा लागतो आणि तो खऱ्या कोडच्याच वाटेने जायला हवा, वेगळी क्वेरी लिहिली की दोन महिन्यांत दोघांची फारकत होते.

आणि साधनाला स्वतःची मर्यादा हवी. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनचं एस३ (इंटरनेटवर फाइली साठवायची सेवा) उत्तर व्हर्जिनियात पडलं ते अशाच एका कमांडमुळे, बिलिंगची अडचण शोधताना थोडे सर्व्हर काढायचे होते, एक इनपुट चुकीचं गेलं आणि ठरवल्यापेक्षा खूपच जास्त सर्व्हर निघाले. नंतर त्यांनी जाहीर केलेल्या खुलाशात मला पटलेली गोष्ट ही, की त्यांनी साधन बदललं, क्षमता हळूहळूच काढता येईल असं केलं आणि किमान पातळीच्या खाली जायला साधनच नकार देईल असं केलं.

अलार्मबद्दल थोडक्यातच बोलते, कारण त्यावर लोक बरंच लिहितात. थ्री माइल आयलंडमध्ये पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले आणि बिनमहत्त्वाचे गप्प करायची सोयच नव्हती, अलार्म छापणारा प्रिंटर पुढे दोन तासांहून जास्त मागे पडला होता. उलट टोक म्हणजे नाइट कॅपिटल, अमेरिकेतली शेअर खरेदी-विक्री करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडायच्या आधी त्यांच्या सिस्टिमने ९७ ईमेल पाठवल्या होत्या, बिघाडाचं कारण त्यात लिहिलेलं होतं, पण त्या ईमेल अलार्म म्हणून बनवलेल्याच नव्हत्या आणि कुणी बघितल्या नाहीत. ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरच्या वर गेले. आणि गिटलॅबचं (प्रोग्रामरांचा कोड साठवणारी सेवा) ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण, बॅकअप फेल होत होते, तशा ईमेल जात पण होत्या, पण समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. “बॅकअप फेल झाला तर कळवा” पेक्षा “शेवटचा चांगला बॅकअप किती तासांपूर्वीचा” हा आकडा समोर असता तर गप्प बसणं म्हणजे सगळं ठीक असा अर्थ निघाला नसता.

हे सगळं कितीही वाचलं तरी पॅनेल वापरणाऱ्याच्या शेजारी बसण्याला पर्याय नाही. मी सपोर्टच्या टीमबरोबर अधूनमधून बसते, काही न बोलता नुसती बघते. एका दादांच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली एक चिठ्ठी होती, ऑर्डर नंबरवरून ट्रान्झॅक्शन आयडी काढायच्या पायऱ्या, कारण एका स्क्रीनवर शोधायला एक नंबर लागायचा आणि दुसऱ्या स्क्रीनवर दुसरा, आणि ग्राहक सांगायचा तिसराच, त्याचा मोबाइल नंबर. दर कॉलला दादा तीन टॅब उघडून कॉपी-पेस्ट करत होते आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार पण केली नव्हती, सिस्टिम अशीच असते असं त्यांनी धरून टाकलं होतं. मॉनिटरच्या कडेच्या अशा चिठ्ठ्या, शेजारी उघडी असलेली एक्सेल, वहीत लिहिलेल्या क्वेऱ्या, हे सगळं गोळा करा, त्यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे पॅनेलमध्ये नसलेलं एक फीचर आहे. आता एकच शोधायचा डबा आहे, कुठलाही नंबर टाका.

शेवटचा मुद्दा पॅनेल कशावर उभं आहे त्याचा. एस३ पडलं तेव्हा ॲमेझॉनला स्वतःचं स्टेटस पेज जवळजवळ दोन तास बदलता आलं नाही, कारण ते बदलायचं साधन एस३ वरच अवलंबून होतं. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर (वेबसाइटींची वाहतूक स्वतःच्या नेटवर्कमधून नेणारी कंपनी) एका रेग्युलर एक्स्प्रेशनमुळे (मजकुरात नमुना शोधायच्या नियमामुळे) २७ मिनिटं जगभर पडलं, तेव्हा त्यांना स्वतःच्याच कंट्रोल पॅनेलमध्ये शिरता येईना, कारण लॉगिन पण त्याच नेटवर्कमधून जायचं. आणीबाणीची वेगळी वाट होती, पण ती फारशी वापरात नव्हती, आणि काही जणांनी ते पॅनेलच बरेच दिवस वापरलं नव्हतं म्हणून सुरक्षेच्या नियमाने त्यांचा प्रवेश बंद झाला होता. हे सगळं त्यांनी स्वतः खुलेपणाने लिहिलंय, आणि अशा मोठ्या कंपन्या इतकं मोकळेपणाने लिहितात याबद्दल मला खरंच आदर वाटतो, आपल्याकडच्या कंपन्यांनी पण लिहायला हवं.

त्यामुळे पॅनेल तयार झालं की आम्ही एका दुपारी सगळे मिळून त्याची परीक्षा घेतो, स्टेजिंगवर (खऱ्या सिस्टिमच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर). एखादा वर्कर जबरदस्तीने मारायचा आणि स्क्रीनवर ते किती सेकंदांत कळतं ते बघायचं. मेट्रिक्स गोळा करणारी प्रोसेस बंद करायची, आकडे करडे होतात का बघायचं. लॉगिनची सर्व्हिस पाडायची आणि वेगळ्या वाटेने कोण कोण आत येऊ शकतं ते बघायचं, नुसतं डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं चालत नाही, प्रत्येकाने स्वतः येऊन दाखवायचं. ऑन-कॉलच्या (बिघाड झाल्यावर ज्यांना फोन जातो त्यांच्या) यादीत नाव टाकायच्या आधी ही एक दुपार मी सक्तीची केलीये, आणि सपोर्टचे दादा पण त्यात बसतात, कारण स्क्रीनवर लिहिलेलं नेमकं कुठे कळत नाही हे ते आमच्या सगळ्यांच्या आधी सांगतात.